पाचामुखी परमेश्वर – पण मुखे कोणाची?

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. एकट्याचे म्हणणे चुकू शकते, एकट्याचा त्यात स्वार्थही असू शकतो. परंतु पाच निरनिराळी माणसे एकच गोष्ट सांगू लागली तर तीत तथ्य असले पाहिजे, असा या म्हणीचा आशय आहे. गावची पंचायत, न्यायालयातील साक्षी, निवडणुकीतील मतदान, फार कशाला, आपल्या ट्रस्टची वार्षिक सभादेखील याच विश्वासावर चालते.

या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती इतकी उघड आहे की, तिचा निराळा उच्चार करण्याची आपल्या पूर्वजांना गरज वाटली नाही. पाच मुखे म्हणजे पाच माणसे, हे ते गृहीत होय. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र त्याचा पाया खचला आहे. आज मोबाईलच्या पडद्यावर पाच हजार मुखे एकच गोष्ट बोलताना दिसतात आणि त्या सर्वांच्या मागे कधी एकच माणूस असतो, तर कधी एकही नसतो. हा प्रकार काय आहे, तो कसा चालतो आणि आपण सामान्य गृहस्थांनी त्याबाबत कोणती दृष्टी ठेवावी, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय यंत्रशास्त्राचा दिसत असला, तरी मुळात तो साक्षीचा आणि विश्वासाचा आहे. म्हणून सार्वजनिक विश्वासावर चालणाऱ्या संस्थेच्या स्मरणिकेत त्याला जागा देणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे वाटते.

तोतयांचे तीन प्रकार

फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स (म्हणजे जुलै २०२३ पर्यंतचे ट्विटर) ही समाजमाध्यमे आता घरोघरी माहीत आहेत. तेथे वावरावयाचे तर खाते उघडावे लागते. बँकेत खाते उघडताना ओळखपत्र लागते, छायाचित्र लागते, समक्ष सही करावी लागते. येथे बहुधा एखादा फोन क्रमांक किंवा ई-मेलचा पत्ता पुरतो. नाव आपण सांगू ते, चित्र आपण लावू ते. त्यामुळे जो नाही त्याचेही खाते उघडता येते.

असल्या बनावट माणसाला मराठीत एक चांगला जुना शब्द आहे : तोतया. १७६१ साली पानिपतच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक इसम उभा राहिला. त्याने कोकणात सैन्य जमवून पेशवाईला घोर लावला आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. नरसिंह चिंतामण केळकरांनी या प्रसंगावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, ते जुन्या रसिकांना आठवत असेल. त्या तोतयाला निदान एक देह होता. भाऊंना ओळखणाऱ्या माणसांसमोर त्याला उभा करता येत होता. आजच्या तोतयाला देह नाही, आणि तो एकटाही नाही.

या नव्या तोतयांचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार बॉटचा. ‘रोबॉट’ या शब्दाचे हे शेपूट होय. ‘रोबॉट’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला, आणि तो ज्या चेक शब्दावरून बनला त्याचा अर्थ वेठबिगारी असा आहे. बॉट म्हणजे संगणकाला नेमून दिलेल्या सूचनांची एक मालिका. अमुक शब्द दिसला की अमुक उत्तर लिही, अमुक माणसाने काही लिहिले की ते पुढे पाठव, दर दहा मिनिटांनी हा मजकूर टाक, अशा सूचना एकदा लिहून ठेवल्या की यंत्र अहोरात्र राबत राहते.

दुसरा प्रकार बहुरूप्याचा. येथे यंत्र नसते, माणूसच असतो. परंतु तो एकटा वीस-पंचवीस खाती चालवितो. एका खात्यावर तो शेतकरी असतो, दुसऱ्यावर विद्यार्थिनी, तिसऱ्यावर निवृत्त सैनिक. आपल्याकडचा बहुरूपी दारात येतो तेव्हा हे सोंग आहे हे घरच्यांना ठाऊक असते आणि सोंग चांगले वठले म्हणूनच ते त्याच्या हातावर चार पैसे ठेवतात. या नव्या बहुरूप्याचे पोट सोंग उघडे न पडण्यावर असते.

तिसरा प्रकार भाडोत्री टाळ्यांचा. नाटकाला फुकट पासावर माणसे आणून टाळ्या वाजवून घेण्याची युक्ती जुनीच आहे. आता एखाद्या खोलीत शेकडो मोबाईल फळ्यांवर ओळीने मांडून ठेवतात आणि ठरलेल्या दराने पसंतीची खूण, म्हणजे ‘लाइक’, विकतात.

यंत्र बोलू लागले

यंत्राला माणसाचे सोंग आणता येईल काय, हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडचे गणिती ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. पडद्याआड एक माणूस आणि एक यंत्र ठेवावे, दोघांशी केवळ लेखी प्रश्नोत्तरे करावीत आणि विचारणाऱ्याला माणूस कोणता व यंत्र कोणते हे ओळखता येते का ते पाहावे, अशी परीक्षा त्यांनी सुचविली.

१९६६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाची एक यंत्ररचना प्रसिद्ध केली. तिची करामत अगदी साधी होती. ‘मी हल्ली उदास आहे’ असे लिहिले की ती विचारी, ‘तुम्ही उदास आहात याचे कारण काय असेल?’ समोरच्याचे वाक्य उलटून त्याचाच प्रश्न करावयाचा, एवढेच तिला येत होते. तरीही माणसे तिच्यापुढे मन मोकळे करू लागली. खुद्द वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी, ही रचना कशी तयार झाली हे पाहिलेले असूनही, तिच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. या अनुभवाने ते प्राध्यापक अस्वस्थ झाले, आणि यंत्रावर किती विसंबावे याविषयी सावध करणारा एक ग्रंथ त्यांनी १९७६ मध्ये लिहिला.

या प्रसंगातून घ्यावयाचा धडा यंत्राच्या हुशारीचा नाही. शब्द दिसले की त्यांच्यामागे कोणीतरी आहे असे मानावयाचे, ही आपल्या मनाची जन्मजात सवय आहे. लहान मूल बाहुलीशी बोलते ते याच सवयीने. बनावट खात्यांचा सारा व्यवहार या सवयीच्या भांडवलावर चालतो.

२००० सालच्या सुमारास अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी वेडीवाकडी अक्षरे ओळखून दाखविण्याची परीक्षा तयार केली. बॉट गाळून माणसांना आत घ्यावे, हा तिचा हेतू. ‘मी यंत्र नाही’ या चौकटीत खूण करताना आपण जे करतो, ते त्याच परीक्षेचे आजचे रूप आहे. ट्यूरिंगच्या कल्पनेत यंत्राने आपण माणूस असल्याचे भासवावयाचे होते; आता माणसालाच यंत्रापुढे आपले माणूसपण सिद्ध करावे लागते. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले आणि यंत्राची भाषा एकदम सुधारली. तोपर्यंत बनावट मजकूर मोडक्या भाषेवरून ओळखू येत असे. आता शुद्ध मराठीतही तो हवा तितका आणि हवा तेव्हा मिळू शकतो.

संख्येचा बाजार

हा खटाटोप कोणी कशासाठी करतो? पहिले कारण पैसा. ज्याच्या मागे लाखो अनुयायी दिसतात त्याला जाहिराती मिळतात, सभेचे आमंत्रण मिळते, मान मिळतो. जेथे संख्येला मोल आले तेथे संख्या विकणारा येणारच. जानेवारी २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राने देवूमी नावाच्या एका अमेरिकन कंपनीचा धंदा उजेडात आणला. या कंपनीजवळ किमान ३५ लाख यांत्रिक खात्यांचा साठा होता. तीच ती खाती पुन्हा पुन्हा विकून तिने गिऱ्हाइकांना २० कोटींहून अधिक अनुयायी पुरविले होते. त्यांपैकी किमान ५५ हजार खात्यांवर खऱ्या, जिवंत माणसांची नावे, छायाचित्रे व अन्य तपशील चोरून वापरलेला होता. त्या बिचाऱ्यांना आपल्या नावाने कोण काय बोलत आहे याची गंधवार्ताही नव्हती. २०१९ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या प्रकरणी २५ लाख डॉलरचा दंड ठरविला.

या बाजाराचा विस्तार केवढा आहे, हे फेसबुकच्या स्वतःच्या आकड्यांवरून दिसते. २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत त्या कंपनीने सुमारे २१९ कोटी बनावट खाती काढून टाकली. त्या वेळी दरमहा फेसबुक वापरणाऱ्यांची एकूण संख्या सुमारे २३८ कोटी सांगितली जात होती. काढलेली बहुतेक खाती उघडल्यावर थोड्याच मिनिटांत पकडली गेली होती, हे खरे. तथापि गाळून उरलेल्यांतही सुमारे ५ टक्के खाती खोटी असावीत, असा अंदाज कंपनीनेच दिला होता. पाच टक्के ऐकावयास थोडे वाटते. २३८ कोटींचे पाच टक्के म्हणजे सुमारे १२ कोटी होतात.

दुसरे कारण मते वळविणे. माणूस बहुतेक बाबतींत चार लोक काय म्हणतात हे पाहून चालतो, आणि त्यात काही गैर नाही. नव्या गावात गेल्यावर ज्या खानावळीत गर्दी आहे तेथेच आपण जेवावयास बसतो. ही गर्दीच जर पुठ्ठ्याची उभी केली, तर आपली पावले हवी तिकडे वळविता येतात. याचे एक प्रत्यक्ष घडलेले उदाहरण जरा तपशिलाने पाहू.

ह्यूस्टनचा रस्ता

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ह्यूस्टन हे मोठे शहर आहे. तेथे एका जुन्या बँकेच्या इमारतीत इस्लामिक दावा सेंटर ही संस्था आहे. २०१६ साली फेसबुकवर ‘हार्ट ऑफ टेक्सास’, म्हणजे टेक्सासचे हृदय, या नावाच्या पानाने एक आवाहन केले : टेक्सासचे इस्लामीकरण थांबविण्यासाठी २१ मे रोजी दुपारी या इमारतीसमोर जमा. या पानाचे अडीच लाखांवर अनुयायी होते. त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी इस्लामी ज्ञानाच्या रक्षणासाठी जमा, असे आवाहन ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या दुसऱ्या पानाने केले. त्याचे अनुयायी सव्वातीन लाखांच्या आसपास होते.

ठरल्याप्रमाणे माणसे आली. रस्त्याच्या एका बाजूला एक गट, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोन्हीकडून घोषणा झाल्या, शब्दाला शब्द लागला. मध्ये पोलीस उभे होते. बोलावणारे मात्र कोणत्याच बाजूला आले नव्हते. ते येणार कोठून? ही दोन्ही पाने ह्यूस्टनपासून हजारो मैल दूर रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील एका कचेरीतून चालत होती. इंटरनेट रिसर्च एजन्सी असे त्या कचेरीचे नाव. तेथे पगारी माणसे पाळीपाळीने बसून अमेरिकन नागरिकांची सोंगे वठवीत असत. ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ हे नाव तर कॅलिफोर्नियातील एका खऱ्या, सर्वधर्मीय सलोख्याचे काम करणाऱ्या संस्थेचे होते, तेही चोरलेले. अमेरिकन सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड बर यांनी ही हकिकत १ नोव्हेंबर २०१७ रोजी जाहीर सुनावणीत सांगितली. या दोन आवाहनांच्या जाहिरातींना सारा मिळून सुमारे २०० डॉलर खर्च आला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये या संस्थेसह तीन कंपन्या व १३ रशियन व्यक्ती यांच्यावर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झाले, आणि २०२३ मध्ये येव्गेनी प्रिगोझिन या रशियन धनिकाने ही संस्था आपणच स्थापन केली होती असे उघडपणे सांगितले.

या घटनेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. रस्त्यावर आलेली माणसे खोटी नव्हती. त्यांची भीती खरी होती, त्यांचा रागही खरा होता. खोटा होता तो केवळ बोलावणारा. आणि त्याला दोन्ही पक्षांपैकी एकाच्याही जयापजयाशी कर्तव्य नव्हते. दोघे समोरासमोर उभे राहिले की त्याचे काम झाले. समोरच्या फुटपाथवरील माणसाजवळ जाऊन ‘बाबा रे, तुला कोणी बोलावले?’ एवढे जरी कोणी विचारले असते, तरी दोघांनाही आपापला यजमान कधी पाहिलेला नाही हे कळून आले असते.

आपल्या बेळगावात मराठी, कानडी, उर्दू आणि कोकणी बोलणारे लोक पिढ्यान्पिढ्या एकाच बाजारात भाजी घेतात, एकाच दवाखान्याच्या बाकावर बसतात. अशा गावात मतभेद असतात, वादही असतात, आणि ते आपले आपणच समोरासमोर बसून मिटविण्याचे किंवा निदान सोसण्याचे असतात. त्यात कोणी तिऱ्हाइताने दोन मुखवटे घालून दोन्ही बाजूंनी आरोळी ठोकली, तर नुकसान कोणाचे होईल हे सांगावयास नको. ह्यूस्टनची गोष्ट म्हणून परकी वाटू नये.

हात मात्र आपलाच

सगळा दोष बनावट खात्यांवर टाकून मोकळे होता येईल काय? दुर्दैवाने तसे करता येत नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील सोरुश वोसुघी, देब रॉय व सिनान अराल या तीन संशोधकांनी मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर सुमारे ३० लाख लोकांनी पसरविलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली. बॉटची खाती वगळून पुन्हा मोजणी केली, तरी निष्कर्ष पालटला नाही. बॉट खरे व खोटे सारख्याच वेगाने पसरवीत होते. खोट्याची अधिक आवड माणसांना होती. कारण खोटे बहुधा नवलाचे असते, आणि नवल सांगण्याची हौस कोणाला नसते?

या हौसेची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. असल्या अफवा त्या सुमारास मोबाईलवरून देशभर फिरत होत्या. याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. अफवा पुढे पाठविणारे कोणी यंत्र नव्हते. तुमच्या-आमच्यासारखी घरसंसाराची माणसे होती, आणि पुष्कळांचा हेतू आपल्या मुलांना जपण्याचाच होता. तोतया ठिणगी टाकू शकतो. वारा घालणारे हात आपले असतात.

साक्षीची जुनी विद्या

मग ओळखावे कसे? खाते नवे आहे काय, त्यावर दिवसरात्र अखंड मजकूर पडतो काय, तेच वाक्य अनेक खात्यांवर जसेच्या तसे दिसते काय, हे जरूर पाहावे. तथापि यंत्रे सुधारत जातील तसतशा या खुणा पुसट होतील. खुणांपेक्षा रीत टिकाऊ असते, आणि साक्ष पारखण्याची रीत आपल्या पूर्वजांनी मोठ्या कष्टाने घडविलेली आहे.

मराठेशाहीत वतनाचा तंटा निघाला की गोतसभा बसे आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्याखाली हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगराची. बलुतेदारांची आपापल्या धंद्यातील हत्यारांची. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपल्या शब्दामागे आपली खूण ठेवावी लागे. ‘पुष्कळ लोक म्हणतात’ एवढ्यावर महजर होत नसे. कोण म्हणतो हे लिहावे लागे.

हदीसच्या अभ्यासकांनी हीच गोष्ट आणखी काटेकोरपणे केली. पैगंबरांचे एखादे वचन कोणी सांगितले की ते प्रथम इस्नाद विचारीत. इस्नाद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी : हे तू कोणाकडून ऐकलेस, त्याने कोणाकडून ऐकले? साखळीतील प्रत्येक रावीचे, म्हणजे कथन करणाऱ्याचे, चरित्र तपासले जाई. तो कोठे राहत होता, ज्याचे नाव सांगतो त्याला तो भेटला असणे शक्य होते काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो सचोटीचा होता काय? नवव्या शतकातील इमाम बुखारी यांची कीर्ती मुख्यतः या पारखीसाठीच आहे. साखळीत एक जरी अज्ञात इसम निघाला तरी कथन दुबळे ठरे. संख्येला त्यांनी महत्त्व दिले नाही असे नाही. ज्या कथनाला प्रत्येक पिढीत इतके निरनिराळे सांगणारे आहेत की त्या सर्वांनी संगनमत करून खोटे बोलणे संभवत नाही, अशा कथनाला ते ‘मुतवातिर’ म्हणत आणि सर्वांत वरचे स्थान देत. म्हणजे संख्या मोजण्यापूर्वी सांगणारे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत काय, हे पाहिले जाई.

आम्हा शिक्षकांना हे तत्त्व रोज लागते. वर्गातील तीस मुलांनी गणिताचे एकच उत्तर लिहिले, तर ते बरोबर असण्याचा संभव मोठा. परंतु एकोणतीस मुलांनी एकाच्या वहीतून उतरून घेतले असेल, तर ती तीस उत्तरे होत नाहीत. ते एकच उत्तर तीस वेळा लिहिलेले असते. बनावट खात्यांची गर्दी ही अशी उतरून काढलेली वही आहे.

संशयालाही मर्यादा हवी

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. सर्व बॉट वाईट नसतात. हवामानाचा अंदाज कळविणारे, भूकंपाची नोंद देणारे, विकिपीडियावरील खोडसाळ बदल पुसून टाकणारे बॉट उपयोगाचे काम करतात आणि ‘मी यंत्र आहे’ हे उघडपणे सांगतात. दोष यंत्र असण्यात नसून माणूस असल्याची बतावणी करण्यात आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून अमलात आलेल्या कायद्याने, विक्रीसाठी किंवा निवडणुकीत मत वळविण्यासाठी वापरलेल्या बॉटने आपले यंत्र असणे लपवू नये असा दंडक घातला, तो याच विचाराने.

टोपणनावाने लिहिणारा प्रत्येक जणही तोतया नसतो. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्याला कधी कधी नाव झाकावे लागते. आणि सर्वांत मोठा धोका असा की, आपल्याला न पटणारे बोलणाऱ्या प्रत्येकाला ‘हा बॉट दिसतो’ म्हणून झटकून टाकण्याची सवय लागावी. तसे झाले तर बनावट माणसांनी खऱ्या माणसांनाही गिळले असे म्हणावे लागेल. समोरचा पीडित खरोखर ओरडत असताना आपण त्याला यंत्र समजून पुढे निघून जाऊ. खोट्यावर विश्वास बसणे ही हानी आहेच. खऱ्यावरचा विश्वास उडणे ही तिच्याहून मोठी हानी आहे. म्हणून संशय माणसावर न ठेवता मजकुरावर ठेवावा, आणि संशय आला की तेथेच न थांबता चौकशी करावी.

घरी व संस्थेत

एवढ्या विवेचनानंतर काही व्यवहारोपयोगी सूचना करणे उचित होईल.

१. कोणताही खळबळजनक निरोप आला, तर तो पुढे पाठविण्यापूर्वी पाठविणाऱ्याला विचारावे, ‘आपणांस हे कोणाकडून कळले?’ उत्तर ‘ग्रुपवर आले होते’ असे मिळाले, तर साखळी तेथेच तुटली असे समजून निरोप आपल्यापाशी थांबवावा.

२. लाइकचा किंवा अनुयायांचा आकडा हा पुरावा मानू नये. आपल्या परिचयाची किती माणसे स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या माहितीवरून ही गोष्ट सांगतात, ते पाहावे.

३. नातेवाइकाच्या, शिक्षकाच्या किंवा संस्थेच्या नावाने पैशाची मागणी आली, तर त्या खात्यावर उत्तर न देता पूर्वीपासून आपल्याजवळ असलेल्या क्रमांकावर फोन करावा किंवा समक्ष भेटावे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे. वेळेवर कळविल्यास रक्कम अडविता येण्याची शक्यता असते.

४. आपल्या ट्रस्टच्या नावाने निघणारे प्रत्येक मदतीचे आवाहन पदाधिकाऱ्यांच्या सहीनिशी कार्यालयाच्या फलकावर लावलेले असावे, आणि जे फलकावर नाही ते ट्रस्टचे नाही, असा नियम सभासदांनी मान्य करावा. विश्वस्त मंडळाने याचा विचार करावा, अशी नम्र सूचना आहे.

५. पालकांनी मुलांकडून सुटीच्या दिवशी एक छोटा अभ्यास करून घ्यावा. घरातील मोबाईलवर आलेला एखादा निरोप निवडावा आणि तो कोणी कोणाला पाठविला याची साखळी कागदावर मागे मागे लिहीत जावी. प्रत्येक कडीपुढे माणसाचे नाव लिहिता येते काय, ते पाहावे. बहुधा तिसऱ्या-चौथ्या कडीनंतर नाव सापडत नाही. हे मुलांना सांगून जितके समजेल, त्याहून ते स्वतः शोधून अधिक समजेल.

आपल्या ट्रस्टची जुनी दप्तरे ज्यांनी चाळली असतील, त्यांनी शिष्यवृत्तीचे अर्ज पाहिले असतील. प्रत्येक अर्जाच्या शेवटी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्या घेण्याची प्रथा पहिल्या वर्षापासून आहे. काही सह्या मोडीत आहेत, काही उर्दूत, काही कानडीत. एखाद्या ठिकाणी अंगठाही आहे. त्या दोन सह्यांच्या भरवशावर संस्थेने अनोळखी मुलांच्या हाती पैसे दिले, आणि ती मुले आज डॉक्टर, शिक्षक, कारागीर म्हणून आपल्यात वावरत आहेत. यंत्राने उभ्या केलेल्या दोन लाख पसंतीच्या खुणांना जे साधणार नाही, ते दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांनी साधले. ही प्रथा विश्वस्तांनी पुढेही चालू ठेवावी आणि तिच्यामागील विचार सभासदांनी आपल्या घरातील मुलांपर्यंत पोहोचवावा, एवढी विनंती करून व संस्थेच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन हा लेख पुरा करतो.